फडावरचा पत्ता

शिरूर कासारजवळच्या एका गावात लसीकरणाच्या दिवशी मी, शाळेचा शिक्षक, नोंदवही लिहीत होतो. ऊसतोडीला निघालेली एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन आली. बाहेर ट्रॅक्टर थांबला होता. तरी तिने आधी मुलीचे धुळीचे पाय पदराने पुसले आणि मगच तिला परिचारिकेकडे दिले.

“गोवराची लस नऊ महिने भरल्यावर देतात. अजून वीस दिवस आहेत,” परिचारिका म्हणाली. “तिकडं ज्या गावात असशील, तिथं टोचून घे.”

“तिकडं गाव नसतंय, बाई. उसाचा फड असतोय. पंधरा दिसाला तोबी बदलतोय.”

प्रत्येकाला एक गाव असते, असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो.

परिचारिकेने कार्डावर स्वतःचा फोन नंबर लिहिला. “दिवस भरले की फोन कर. जवळचा दवाखाना मी शोधते.”

“पाचटाच्या कोपीत ऱ्हातो आमी; कागद भिजतोय. गुरुजी, तुमी पाठच करून घ्या माज्याकडून.”

मी दहा अंक सांगितले. तिसऱ्या वेळी ती चुकली नाही.

“आगं चल की! शाळंत नाव घातलंस काय?” ट्रॅक्टरवरून मुकादम ओरडला.

तिने नुसता हात वर केला; बोलली असती तर एखादा अंक सुटला असता. मुलीला छातीशी धरून ती निघाली, तेव्हा तिचे ओठ हलत होते.