श्वासासकट घ्या

वाद्यवृंदात तिला सगळे 'भाता' म्हणत. तोंडावर. तिची हरकत नव्हती. भाता बंद पडला तर लोहाराने करायचं काय, असं विचारून ती आपला चेलो, ते थोराड व्हायोलिन, गुडघ्यांत धरून बसे.

हे नाव पडण्याआधी ती श्वास रोखून वाजवायची. अवघड जागा आली की दात घट्ट, खांदे कानाला. होता होता गज धरणारा हात इतका आखडला की डब्याचं झाकण उघडेना. डॉक्टर म्हणाले, वाजवणं सोडा.

थोरली बहीण म्हणाली, "वाजवणं कशाला? श्वास सोड."

थोरली प्रसूतिगृहात परिचारिका. तिने धाकटीला स्वयंपाकघरातल्या फरशीवर उताणं झोपवलं आणि पोटावर उशी ठेवली. "ही वर आली पाहिजे. खांदे नाहीत. आता सोड. जबडा सैल. आवाज होऊ दे गं, लाजतेस काय? माझ्याकडच्या बायका तर शिव्या घालतात."

मग रोज तेच. आधी आडवं पडून, मग खुर्चीत, मग गज हातात घेऊन. अवघड जागेच्या तोंडाशी एक लांब 'हाऽऽ'. हात मोकळा झाला. तो आवाज मात्र कायमचा राहिला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तो माइकने पकडला. तिच्या एकटीच्या तुकड्यात, नेमका जलद स्वरांच्या आधी. संचालकांनी छडी खाली ठेवली.

"बाई, हे प्रसूतिगृह नाही."

"तिथलंच शिकलेय."

"बिनआवाजाचा श्वास घ्या."

"घेते बिनआवाजाचाच. सोडताना होतो."

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"मग हा तुकडा दुसरं कुणी वाजवेल."

या तुकड्यासाठी तिने उमेदीची वर्षं मागच्या रांगेत काढली होती. पण श्वास दाबला तर हात पुन्हा आखडणार. तिने गज मांडीवर आडवा ठेवला.

"मला घ्यायचं तर श्वासासकट घ्या. नाहीतर राहू द्या."

शेजारची तरुण मुलगी पुढे बसली. सुरेख वाजवत होती. जलद स्वर आले तसे तिचे खांदे चढले, चेहरा लाल झाला. संपल्यावर ती अंगठा चोळत राहिली.

"पुन्हा," संचालक म्हणाले.

"नको सर. अंगठा वळत नाहीये. मावशींनाच घ्या. आणि मावशी, ते हा-हू मलाही शिकवा."

संचालकांनी स्वरलिपीचं पान पुन्हा मागे उलटलं. मग ध्वनिमुद्रकाला म्हणाले, "माइक जरा लांब सरकवा."

"सरकवा," ती म्हणाली. "तरी येईल."

आला.

रेकॉर्डिंग बाहेर आलं तेव्हा दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसून ऐकत होत्या. क्षणभर शांतता, मग तो लांब 'हाऽऽ', मग स्वरांची धाव. थोरलीने भुवया चढवल्या.

"जबडा अजून घट्टच आहे तुझा."

"ऐकू येतं?"

"मला येतं. चल, झोप फरशीवर."

"झोपते," धाकटी म्हणाली. "आधी आवाज वाढव."