मृणालनं वाचलेले ओठ

मृणाल गेली, हे मला हॉस्पिटलनं फोनवर कळवलं; फॉर्मवर तिनं माझाच नंबर दिला होता. तिथल्या लोकांचं बोलणं अगदी स्पष्ट होतं, मुद्देसूद होतं. आदल्या दिवशी ह्याच लोकांनी तिला सगळं तोंडावर मास्क लावून सांगितलं होतं... आज कित्येक आठवडे झाले, तरी माझा संताप तिथंच अडकून आहे. मृणालला ऐकू येत नव्हतं. लहानपणी तापात तिचे कान गेले. सांगलीच्या शाळेत आणि पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ती माणसांचे ओठ वाचत शिकली आणि त्याच बळावर सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून इथं अमेरिकेत रेडमंडला आली. माझं अपार्टमेंट तिच्या समोरचं. मैत्री व्हायला वेळ लागला नाही; भांडणंही लगेच सुरू झाली, कारण मी बोलताना मान वळवते हे तिला खपायचं नाही.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात इथल्या एका फिल्म क्लबनं जुना मूक वेस्टर्न सिनेमा लावला. "चल, आज तुम्ही सगळे माझ्यासारखे," म्हणत तिनं मला ओढून नेलं. ज्या कथेवरून तो काढला होता, ती तिनं लायब्ररीतून आणून आधीच वाचली होती. घोडा चोरल्याचा आळ घेऊन गावकरी एका परक्या माणसाला धरतात आणि त्याला एक शब्दही न विचारता फासावर देतात, एवढीच कथा. सिनेमात मात्र ऐन वेळी शेरीफची मुलगी घोडा दौडवत येते आणि तो वाचतो. टाळ्या पडल्या. मृणाल रागानं लाल झाली होती.

"तो बोलत होता," ती मला म्हणाली. "फासाखाली उभा राहून सारखं म्हणत होता, आस्क मी, आस्क मी. पडद्यावर त्याच्या बोलण्याची पाटीच दिली नाही यार. शेरीफला मात्र पाटीवर पाटी. पाटीवर न्यायाच्या गोष्टी, आणि त्या नटाच्या ओठांवर काय, तर जेवायला कधी सोडणार!"

नंतरच्या चर्चेत तिनं हात वर केला आणि हेच इंग्रजीत सांगितलं. तिचा आवाज सपाट होता, शब्द थोडे घासत यायचे, पण लक्ष दिलं की कळायचे. संयोजकानं तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "व्हॉट डिड शी से?"

"आस्क हर," मी म्हटलं.

तो गोड हसला आणि त्यानं वेळ संपल्याचं जाहीर केलं. बाहेर पार्किंगमध्ये पावसात उभी राहून मृणाल म्हणाली, "वाचवलं गं त्याला. पण विचारलं शेवटपर्यंत कुणीच नाही."

पुढच्या वर्षी तिच्या हृदयाला इन्फेक्शन झालं. हॉस्पिटलमध्ये तिनं कागदावर लिहून दिलं, मास्क काढता येत नसेल तर लिहून सांगा. नर्सनं खाली एकच शब्द लिहिला, रिलॅक्स. मी पोचले तेव्हा डॉक्टर तिला सोडून माझ्याशी बोलू लागले. तिला समोर बसून ओठांनी सांगेल असा दुभाष्या मी मागितला. सोमवारी मिळेल, म्हणाले. जे कळलं ते मी तिला सांगू लागले, तर ऑपरेशनची तयारी आहे आणि तुम्ही नातेवाईक नाही, म्हणून मला बाहेर काढलं. दार लागेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. माझं वाक्य अर्धंच राहिलं.

रविवारी ती गेली. सगळं समजलं असतं तरी ती वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. नसतीही वाचली. पण आपल्याला काय होतंय, आता काय करणार आहेत, हे कळण्याचा तिचा हक्क होता की नाही? इथल्या मराठी लोकांच्या शोकसभेतही तेच. "बिचारी, ऐकू येत नसूनही किती हसतमुख!" कोण हसतमुख? मृणाल तापट होती, भांडकुदळ होती, आणि ऑफिसमधल्या मीटिंगमध्ये कुणी पाठ करून बोललं की टेबलावर हात आपटायची. तिची आई, नलूमावशी, मला फोनवर म्हणाली, "तिला बिचारी म्हणू देऊ नकोस गं कुणाला." मी देत नाही.

परवा तिचं घर आवरायला गेले. किल्ली हातात होती, तरी सवयीनं बेल दाबली. तिच्या बेलला आवाज नाही, ती दाबली की हॉलमधला दिवा उघडझाप करतो. पडद्याआड उजेड पडला, विझला, पुन्हा पडला... आणि मी नेहमीसारखी एक पाऊल मागं सरकले, दार उघडल्यावर तिला माझे ओठ नीट दिसावेत म्हणून.