रंगारणीने चेहरा रंगवला

नणंद-भावजयीचं वैर जगाला नवं नाही. पण या दोघींचं वैर वरवरचं नव्हतं. खरवडून, घासून, प्रायमर मारून मग चढवलेलं होतं. असलं सहजासहजी निघत नाही.

भावजय रंगारीण. लोकांच्या घरांच्या भिंती रंगवणारी. लग्नाआधी बापाबरोबर, लग्नानंतर नवऱ्याबरोबर. खरं सांगायचं तर नवराच तिच्या हाताखाली शिकला, आणि सगळं बिनसलं ते तिथेच. आईबाप गेल्यावर थोरल्या बहिणीने पोटाला चिमटा घेऊन या भावाला शिकवलं होतं. तो ऑफिसात खुर्चीवर बसेल, डोक्यावर पंखा फिरेल, असं तिने मनात चित्र काढून ठेवलेलं. भाऊ एकदा भाड्याची खोली बघायला गेला, तर तिथे शिडीवर ही उभी. केसांना फडकं, नाकावर चुन्याचा ठिपका. "बघत काय उभे राहिलात, शिडी धरा," असं ती त्याला म्हणाली. त्याने धरली, ती धरलीच.

"माझ्या भावाला हिने शिडीवर चढवलं," असं नणंद येईल त्याला सांगायची. रंगारीण म्हणायची, "चढायला काय मी उचलून ठेवलं होतं? पाय त्यांचेच होते." आणि मग एक दिवस तो त्याच शिडीवरून पडला. कमरेचं हाड मोडलं. डॉक्टरांनी बरेच महिने आडवं राहायला सांगितलं. नणंदेच्या जिभेला मग कसला लगाम राहतो?

एकट्या बाईला घर रंगवायला कोणी देईना. शिडी धरायला माणूस हवा, छताला दोन हात हवेत. कंत्राटदार म्हणाला, नवरा उठला की या. तोवर काय भिंती चाटायच्या? शेवटी नवऱ्याने पडल्या पडल्या बहिणीला विचारलं. बहिणीचं पार्लर होतं, बाजारात, शिंप्याच्या दुकानावर. आरशासमोर दोन खुर्च्या, त्यातली एक रिकामी. तिथली मुलगी समोरच्याच गल्लीत स्वतःचं पार्लर काढून बसली होती आणि जाताना अर्धी गिऱ्हाइकंही घेऊन गेली होती.

"घेते," नणंद म्हणाली. "हा महिना बघते. हात बसला तर खुर्ची तिची. नाही बसला तर आली त्या वाटेने परत. तुझ्यासाठी करतेय, तिच्यासाठी नाही."

"ऐकू येतंय मला," रंगारीण स्वयंपाकघरातून म्हणाली.

"यावं म्हणूनच मोठ्याने बोलतेय."

पहिल्याच दिवशी पायरीवर नणंदेने तिला अडवलं. "इथे वन्सं म्हणायचं नाही. मॅडम म्हणायचं."

"बरं, मॅडम."

"आणि नखांतला तो रंग काढून ये."

"तो माझ्याबरोबरच जाईल आता," रंगारीण म्हणाली. तरी मोरीत जाऊन तिने बोटं लाल होईपर्यंत घासली. घरात डाळीचा डबा तळाला लागला होता. अशा वेळी मान ताठ ठेवावी, पण हात मऊ ठेवावे.

आरशाखालच्या फळीवर बाटल्या, ट्यूबा, डब्या अशा दाटीने बसलेल्या, की जणू सगळ्या एका आईच्या. ही कातडीच्या रंगाची, ती कातडीच्या रंगाची, तिसरीही तशीच. पुढ्यात गिऱ्हाईक आणि मागे न बघता पसरलेला नणंदेचा हात.

"कन्सीलर दे."

रंगारणीने बाटली दिली.

"हे फाउंडेशन आहे. कन्सीलर म्हटलं मी. डोळे आहेत का नुसत्या खिडक्या?"

तिने दुसरी दिली. तेही चुकलं. गिऱ्हाईक तोंड दाबून हसलं. रंगारणीने विचारलं, "मॅडम, यातला फरक एकदा सांगाल का?"

"मी तीन बायकांचे टोमणे खाऊन शिकले," नणंद म्हणाली. "तूही खा. पौष्टिक असतात."

तेव्हा रंगारणीने ठरवलं, हिला पुन्हा काही विचारायचं नाही. बघून शिकायचं. फरशी पुसताना, टॉवेल वाळत घालताना ती तिरक्या नजरेने बघायची आणि संध्याकाळी नवऱ्याच्या कमरेला तेल चोळताना पाठ म्हणून दाखवायची.

"प्रायमर?" नवरा पालथा पडून विचारायचा.

"आपलं प्रायमर तेच. रंग धरावा म्हणून सगळ्यात आधी लावायचं. फक्त वास बरा येतो."

"कन्सीलर?"

"आपली लांबी, पुट्टी. जिथे डाग, जिथे खड्डा, डोळ्यांखाली काळं, तिथे भरायची."

"मग फाउंडेशन म्हणजे पाया असणार."

"शिकलेली माणसं अशीच फसतात. फाउंडेशन म्हणजे रंग. अख्ख्या तोंडाला एकच. त्याचं शेडकार्ड असतं, आपल्यासारखंच. मनगटावर बघायचा नाही, गालाच्या कडेला जबड्यावर लावून बघायचा."

"काँटूर?"

"सावली. नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद पट्टी ओढली की मधलं नाक उंच दिसतं. ठेंगण्या खोलीचं छत आपण फिकं ठेवतो ना, तशी नजरेला फसवायची कला. हायलायटर त्याच्या उलटा, जिथे उजेड पडतो तिथे चमक. आपला ऑइलपेंट. ब्लश म्हणजे गालाची लाली. कॉम्पॅक्ट म्हणजे दाबून बसवलेली पावडर, तेलकटपणा मारायला. मॅट म्हणजे बिनचमकीचं. आणि सगळं झालं की सेटिंग स्प्रे. डोळे मिटायला सांगून फुस्स करतात, म्हणजे ते हलत नाही."

"अगं, तू तर मॅडम झालीस."

"एकच कळलं नाही," ती म्हणाली. "तुमची बहीण सारखी पुटपुटते, ब्लेंड झालं नाही, ब्लेंड झालं नाही. आणि ओला स्पंज घेऊन गालावर आपटत बसते. फिनिशिंग असेल काहीतरी शेवटचं. कामाचं नसावं."

घोडं नेमकं तिथेच पेंड खाणार होतं, पण तिला कोण सांगणार? विचारायचं नाही हे तिने ठरवलेलं, सांगायचं नाही हे नणंदेने.

महिना संपत आला तरी दुसऱ्या खुर्चीवर रंगारणीने केस विंचरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. एका सकाळी पहिल्या खुर्चीवर गिऱ्हाईक बसलेलं असतानाच बँकेतली साहेबीण आली. तिला बढती मिळाली होती आणि तासाभरात फोटो काढायचे होते. समोरच्या गल्लीतल्या मुलीकडे न जाता ती इथे आली, म्हणून नणंद पाघळली.

"बसा, बसा. ही तुम्हाला प्रायमर लावते, तोवर मी आलेच," असं म्हणून तिने रंगारणीला डोळ्यांनी दटावलं. प्रायमरपुरतंच, असा त्याचा अर्थ.

रंगारणीने प्रायमर लावलं. नणंद आली नाही. साहेबीण घड्याळ बघायला लागली. "अहो, तुम्हीच करा ना पुढचं. येतं ना तुम्हाला?"

आता या प्रश्नाला नाही म्हणणारी बाई अजून जन्माला यायची आहे. "येतं की," रंगारीण म्हणाली.

आणि तिने चेहरा रंगवायला घेतला, बापाने भिंत रंगवायला शिकवलं तसा. डोळ्यांखाली, नाकाशेजारी, ओठांच्या कडेच्या खळग्यांत कन्सीलर दाबून भरलं, आणि वाळू दिलं. वर फाउंडेशनचा पहिला हात. तोही वाळू दिला, पुठ्ठ्याने वारा घातला. मग दुसरा हात. घाईत कच्च्यावर दुसरा हात मारला तर रंग पोपडे धरतो, हे बापाने तिच्या डोक्यात टपल्या मारून भरवलं होतं. रंग मात्र तिने अचूक निवडला होता. साहेबीण डोळे मिटून गप्प बसली होती, आणि तोंड असं गुळगुळीत दिसत होतं की बोट लावायची भीती वाटावी. नणंदेने पलीकडून मान वळवून पाहिलं. काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे बक्षीसच, असं वाटून रंगारणीची छाती फुगली.

साहेबिणीने डोळे उघडले, आरशात पाहिलं आणि खुशीत हसली.

तेवढं हसणं पुरलं. ओठांच्या कडेला पहिली भेग गेली, मग डोळ्यांखाली, मग गालावर जाळं पसरलं, आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखं. हनुवटीवरची एक खपली सुटून तिच्या कोऱ्या कोटावर पडली.

"हे काय केलंत तुम्ही?" ती म्हणाली, आणि बोलताना आणखी दोन भेगा गेल्या.

नणंद धावली. ओल्या कापसाने पुसलं, हजारदा माफी मागितली, हात चालवून कसंबसं सावरलं. साहेबीण गेली ती दाराशी "बढतीच्या दिवशीच" एवढंच म्हणून गेली. पहिल्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक हा तमाशा बघून ताजंतवानं झालं होतं. आता ही बातमी समोरच्या गल्लीत पोहोचणार, हे नणंदेला दिसत होतं.

ते गिऱ्हाईक उतरून गेल्यावर ती वळली. "भिंत हसते का गं?"

रंगारीण खाली पडलेला कापूस वेचायला लागली.

"सांग ना. भिंत जेवते? भिंत जांभई देते? भिंत नवऱ्याशी भांडते? तोंड आहे ते. दिवसभर हलतं. त्यावर तू गिलावा केलास. ब्लेंड नावाचं काही असतं."

"ब्लेंड म्हणजे काय, ते एकदा सांगितलं असतं तर?"

"विचारलंस कधी?"

"विचारलं असतं तर टोमणा मारला असता तुम्ही."

"मग खायचा होता. माझ्या भावाला आडवं केलंस, माझं दुकानही आडवं करतेस. जा घरी. उद्यापासून येऊ नकोस."

रंगारणीने पिशवी उचलली. जाताना कचऱ्याच्या डब्यात टाकलेल्या, तळाशी बोटभर उरलेल्या बाटल्या-डब्या आणि एक झिजलेला स्पंज तिने पिशवीत घातला. नणंदेने ते बघितलं. "ते पण ने," ती म्हणाली. "उष्टं खायची सवय असेल तर."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, फक्त उष्ट्याचं सोडून. मग बराच वेळ ती भिंतीला टेकून बसली. रंगाचा सांधा दिसू नये म्हणून भिंतीवरही कड ओली असतानाच ब्रश फिरवतात, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण तोंडाला हात लावताना भीतीने तिला फक्त बापाच्या टपल्या आठवल्या, बापाचा हात नाही. भिंत हसत नाही. ती मनात तेच घोळवत राहिली, आणि राग असा की त्यावर भाकरी भाजावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नवऱ्याला उशीला टेकवून बसवलं. "तोंड पुढे करा."

"कशाला?"

"हलणारं तोंड हवंय. घरात तुमचंच आहे."

आधी तिने त्याची दाढी केली. मग स्पंज भिजवून घट्ट पिळला. प्रायमर लावलं. फाउंडेशन या वेळी हरभऱ्याएवढं घेतलं आणि वाळू न देता स्पंजने थोपटत नेलं, कड दिसेनाशी होईपर्यंत. कन्सीलर त्यावर, तेही टिपक्याटिपक्याने, आणि पुन्हा थोपटणं. कुठे काय संपलं आणि कुठे काय सुरू झालं, ते कळू नये. मग ती म्हणाली, "आता शिव्या द्या."

"कोणाला?"

"कंत्राटदाराला द्या."

त्याने मनापासून दिल्या. तोंड वेडंवाकडं केलं, गाल फुगवले, पाणी प्यायला. एके ठिकाणी फाटलं. तिने पुसून पुन्हा केलं, आणखी पातळ. लाली लावली, हायलायटर लावला. हौसच आली म्हटल्यावर ओठही रंगवले.

आणि नणंद दारात उभी.

ती भावाला तोंडावर सांगायला आली होती, की तुझ्या बायकोला काढलं आहे आणि यापुढे हा विषय माझ्याकडे काढायचा नाही. तिने भावाला पाहिलं. गुलाबी ओठ, चमकणारी गालाची हाडं, खाली मळकी चादर.

"आता एवढंच राहिलं होतं," ती म्हणाली. "हाड मोडलं ते मोडलं, वर माझ्या भावाची बाहुली केलीस."

"वन्सं, तुम्ही काल काढलंत मला. आता माझ्या घरात काय करायचं ते मी बघेन."

"माझा भाऊ आहे तो."

"असू द्या. तोंडाला हात लावायची परवानगी त्यांनी दिलीय."

भाऊ दोघींच्या मध्ये बसला होता, रंगवलेला. त्याला हसू आवरेना. कमरेला हात लावून कळवळत, पण तो खदखदून हसला. नणंद त्याला झापायला पुढे झाली आणि थबकली. तिची नजर त्याच्या ओठांच्या कडेवर गेली, तिथून डोळ्यांखाली. तिने त्याची हनुवटी धरून खिडकीकडे वळवली. एकही भेग नव्हती.

मग तिने अंगठा जबड्यावरून खाली मानेपर्यंत नेला.

"मान सोडलीस," ती म्हणाली. "तोंड एका रंगाचं आणि मान दुसऱ्या रंगाची. मुखवटा घातल्यासारखं दिसतंय. जबड्याखाली उतरवत न्यायचं असतं. आण इकडे तो स्पंज."

"द्या म्हणा."

"काय?"

"माझं घर आहे. इथे स्पंज द्या म्हणायचं."

नणंदेने दातओठ खाल्ले. "दे," ती म्हणाली. रंगारणीने दिला. द्या आणि दे याच्यात तिनेही मग फार ताणलं नाही.

नणंदेने भावाच्या मानेवर रंग उतरवून दाखवला. भराभर, एक शब्द न बोलता. रंगारणीने डोळे न मिटता बघितलं. काम झाल्यावर नणंदेने हात पुसले आणि दारापर्यंत गेली.

"उद्या ये. दुसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्यांना तू बघ. साहेबिणीकडे आधी जाऊन माफी मागायची, मी येणार नाही बरोबर. आणि एक ऐकून ठेव. खुर्ची देतेय, माफ केलेलं नाही. याला शिडीवर तूच चढवलंस."

"मी कुठे माफी मागितली तुमची?" रंगारीण म्हणाली. "साहेबिणीची मागेन. तिच्या तोंडाचं मी वाटोळं केलं. तुमच्या भावाचं नाही."

नणंद जिना उतरून गेली.

भाऊ पुढे बरा झाला. काठी घेऊन चालतो, शिडीवर मात्र चढत नाही. पार्लरच्या दोन्ही खुर्च्या भरलेल्या असतात आणि साहेबीण दुसऱ्या खुर्चीवरच बसते. नणंद-भावजय मात्र एकमेकींशी बोलत नाहीत. एकमेकींच्या घरचं पाणीही पीत नाहीत. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आरशाकडे तोंड करून, मागे न बघता त्यांचं चालू असतं.

"कन्सीलर."

"घ्या. कडा ब्लेंड करा, दिसतायत."

"माझ्या डोळ्यांना दिसतायत. तुझं बघ."