सकाळचा चहा याच्यावरच

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही — आणि तिने का विचारलं नाही, हे मला माहीत आहे.

तुम्ही मला ओळखत असाल तर माझ्याबद्दल एकच गोष्ट ऐकली असेल. हा माणूस मापात चुकत नाही. विणकरांच्या सोसायटीत मी कापड मोजून घेतो. पाचपावलीपासून गोळीबार चौकापर्यंतच्या विणकरांना माझ्या गजाची खात्री आहे. ही खात्री मी कशी वापरली, तेच सांगायचं आहे. जरा वेळ लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी मला एक नाद होता. रविवारी जुन्या बाजारात जायचं, फुटपाथवरून मोडकी वस्तू उचलायची — पंखा, कंदील, भिंतीवरचं घड्याळ — घरी आणून दुरुस्त करायची, घासूनपुसून सदर भागातल्या लिलावघरात ठेवायची. पगार पुरत नव्हता असं नाही. खरं सांगू? बोली चढायची ना, ते ऐकायला आवडायचं. दुसऱ्यांना कचरा वाटलेलं मी ओळखलं, याचा माज होता तो.

एकदा पितळी स्टोव्ह मिळाला. जुना, जड, सुंदर. घरी आणून पंप मारला, तर टाकीच्या बुडाशी, सांध्यावर, रॉकेलचा एक बारीक ओला धागा उमटला. पुसला. पुन्हा उमटला.

मी कथील लावून सांधा झाळला. झाळेचा राखाडी रंग दिसू नये म्हणून वरून पितळी मुलामा दिला, मग चिंचेने इतका घासला की माझं मलाच बोट ठेवून सांगता आलं नसतं, कुठे ते. पण पेटवून पाहिला नाही. का नाही? पेटवला असता तर कळलं असतं.

लिलावघरात रॉकेल भरायला मनाई होती. त्यामुळे तिथे एक रीत होती — गिऱ्हाइकाने वस्तूच्या मालकाला विचारायचं आणि त्याने सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. त्या दिवशी विचारायला पुढे आली ती शांता. आमच्या सोसायटीला कापड घालणाऱ्या विणकराची, केशवची बायको. कडेवर मुलगी होती.

"बाबूजी, हा घरी पेटवत होते का तुमी?"

"रोज," मी म्हणालो. "सकाळचा चहा याच्यावरच."

केशव मागून हसला. "घे वं. हिशेबी मानसाचा स्टो हाये, रॉकेलबी मोजूनच पिईन!"

सगळे हसले. मीही हसलो. बोली त्यांच्यावर तुटली.

त्यानंतर बरेच दिवस गल्लीत कुठे भांडं पडलं तरी मी दचकायचो. जाऊन सांगावं, स्टोव्ह परत आणावा — असं मनात यायचं. पण काय म्हणून परत मागायचा? रोज चहा व्हायचा ना त्याच्यावर? मग वाटायचं, टिकला असेल सांधा. असे दिवस गेले, आणि मी दचकायचा थांबलो.

मग तो फुटला.

शांता संध्याकाळपर्यंत जगली. स्टोव्ह फुटला, असं तिने स्वतः डॉक्टरांना सांगितलं, म्हणून पोलिसांनी केशवला सोडलं. पण स्टोव्ह फुटला या शब्दांवर आपल्याकडे कोण विश्वास ठेवतो? सून जळाली की प्रत्येक घर तेच सांगतं. शांताच्या वडिलांनीही विश्वास ठेवला नाही. नवऱ्याच्या धाकाने बोलली असेल, असं त्यांना वाटलं.

ते उमरेडहून आले आणि केशवला घेऊन माझ्या दारात उभे राहिले. केशवचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. मुलगी आजोबांच्या खांद्यावर झोपली होती.

"तुमी मोजमापाचे मानूस," म्हातारा म्हणाला. "मले एकच सांगा. स्टोमंदी खोट होती का? होती म्हना, तर पोरगी याच्याजवळ ठेवतो. नाही तर घेऊन जातो."

तुम्हाला कळलं ना? एवढंच विचारलं होतं. केशव माझ्याकडे पाहत होता — आशेने नव्हे, खात्रीने. खरं काय ते मी सांगणारच, अशा खात्रीने.

बायको पाण्याचे पेले घेऊन मागे उभी होती. आमच्या घरी चहा कशावर व्हायचा, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"माझ्याकडे होता तोवर," मी म्हणालो, "त्यात काही दोष नव्हता."

पेले ट्रेमध्ये एकमेकांवर किणकिणले.

म्हाताऱ्याने केशवकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीचं डोकं सावरलं आणि पायऱ्या उतरला. केशव तिथेच थांबला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मंग मीच हवा जास्त भरली असन, बाबूजी. सकाळी पंप मीच मारला होता."

मी ट्रेमधला पेला उचलून त्याच्या तोंडाशी धरला.

मुलगी उमरेडलाच वाढली. केशव आजही सोसायटीत कापड आणतो. त्याची बोटं नीट वळत नाहीत, त्यामुळे विणकाम सैल असतं. मी गज लावतो, आकडा सांगतो. बाकीचे विणकर सवयीने वाकून माप बघतात.

केशव बघत नाही.