आधी अंगण झाडून दाखवा

"आधी अंगण झाडून दाखवा," एवढं बोलून डॉक्टर खराटा तुमच्या हातात द्यायचे आणि स्वतः ओट्यावर पाय सोडून बसायचे. तुम्ही सरकारी कचेरीतले बडे साहेब असा, नाहीतर माझ्यासारखे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे असा, सुटका नव्हती. मागच्या अंगणात कडुनिंबाचा पाला कायम साचलेला असे आणि घरातल्या कुणी तो झाडायचा नाही, असा तिथला नियम होता. गोल्फचा दांडा मागायला येणाऱ्यांसाठी तो राखून ठेवलेला असे.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात गोल्फ म्हटल्यावर तुम्ही हसला असाल. मीही हसलो होतो. पण शहराबाहेर खाणीच्या जुन्या कॉलनीत एक मैदान खरंच आहे. सहा होल आहेत. हिरवळ म्हणाल तर पावसाळ्यापुरती. होलभोवती वाळूत जुनं तेल कालवून थापलेला गोल असतो आणि त्यावर गायी निवांत बसतात. चेंडू मारण्याआधी गायीला उठवायचं, हा तिथला पहिला धडा.

डॉक्टर दातांचे. दवाखाना पुढच्या खोलीत, घर मागे, आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून मी. कवळी बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गोल्फच्या क्लबला ते दांडा म्हणत आणि दांड्याचंही माप कवळीसारखंच घेत. "दुसऱ्याची कवळी घालान का तुमी? मंग दुसऱ्याचा दांडा काहून घेता?" हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं. त्याला कारण होतं. कॉलनीतले साहेब बदलून जात आणि दांड्यांच्या पिशव्या मागे ठेवून जात. उंच साहेबाचे दांडे बुटक्या साहेबाच्या गळ्यात पडत, मग तो बिचारा जन्मभर जमीन उकरत बसे.

माझी पाळी आली तेव्हा मी खराटा घेऊन जीव तोडून झाडलं. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सर, तुमी झाडून नाई राह्यले, कचऱ्याले समजावून राह्यले." माझे हात कोपरापासून हलतात, कंबर जागची हलत नाही, म्हणून मला लवचिक आणि हलका दांडा लागेल, असा निकाल त्यांनी दिला. त्यानंतर दवाखान्यातून गुलाबी मेण आलं, कवळीच्या मापासाठी वापरतात ते. ते कोमट करून दांड्याभोवती गुंडाळलं आणि मला मूठ आवळायला लावली. मेणात माझी बोटं अशी रुतली की आतलं लोखंड दिसलं. "दांडा पळून नाई चालला," ते हसत म्हणाले, आणि दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे थर देऊन त्यांनी माझी ग्रिप जाड करून दिली. जाड ग्रिपवर मूठ आपोआप सैल राहते. त्या दिवसापासून माझा चेंडू निदान मैदानात पडू लागला.

त्यांचं तिसरं हत्यार म्हणजे निळा कागद. दात कुठे जास्त टेकतो ते बघायला रुग्णाच्या दातांत देतात ना, तोच. तो फळीवर चिकटवून त्यावर दांडा मारायला लावायचे. दांड्याच्या तळाला निळी खूण कुठे उठते त्यावरून तो जमिनीला नीट टेकतो की नाही ते कळे. टेकत नसला तर दांड्याची मान वेल्डिंगवाल्याकडून वाकवून आणत. एकदा हट्टा गावाहून गाल सुजलेला एक शेतकरी आला होता आणि डॉक्टर अंगणात कुणाचा तरी निळा कागद तपासत होते. त्या माणसाने एका हाताने गाल धरून थोडा वेळ बघितलं आणि न सांगता दुसऱ्या हाताने पाला झाडायला लागला. त्याला वाटलं, इथं नंबर असाच लागतो.

बैहरचा एक तरुण वनाधिकारी नवे कोरे, महागडे दांडे घेऊन आला होता आणि तक्रार करत होता की चेंडू उडतच नाही. त्याने इतकं शांतपणे, सावकाश झाडलं की खराट्याचा आवाजही आला नाही. डॉक्टर त्याच्याशी हिंदीतच बोलले. "साहब, ये दांडा गुस्सेवाले आदमी का है. आप तो शांत आदमी हो," असं म्हणून त्याला एका जुन्या पिशवीतला मऊ दांडा दिला. तो खूश होऊन गेला. त्याच्या बायकोने मात्र नंतर निरोप पाठवला म्हणे की तो शांत आदमी अजून घरी आलेलाच नाही, कुठे मिळेल.

स्वतः डॉक्टर कसे खेळत ते न विचारलेलं बरं. अख्ख्या कॉलनीत त्यांच्याइतकं वाईट कुणी खेळत नसे. खेळाडू होत्या काकू, त्यांच्या पत्नी. त्या खाणीच्या दवाखान्यात परिचारिका होत्या, खेळ तिथल्या मैदानावर शिकल्या. लग्नानंतर डॉक्टर त्यांच्या मागे पिशवी घेऊन फिरू लागले आणि दांड्यांच्या नादी लागले ते तसे. दर हिवाळ्यात कॉलनीची स्पर्धा भरे आणि पहिला फटका काकू मारत. नऊवारीसारखा काचा मारलेली साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि चेंडू सरळ नाल्यापार. टाळ्या वाजत तेव्हा डॉक्टरांची मान अशी काही ताठ होई की जणू त्यांनीच मारला.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वर्षभरात त्या हळूहळू चालू लागल्या, बोलणंही सुधारलं, पण उजवा हात पदराखालीच राहिला. पहिला हिवाळा असाच गेला. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी चहा पिताना त्या एकदम म्हणाल्या की यंदा मैदानावर जायचं. डॉक्टर आनंदाने म्हणाले की खुर्ची घेऊन जाऊ. काकूंनी कप खाली ठेवला. "बसाले नाई. खेळाले."

त्यानंतरचे डॉक्टर तुम्ही बघायला हवे होते. उजवा हात नाही तर डावा, असा सरळ हिशेब करून ते नागपूरला गेले आणि डावखुऱ्यांसाठी बनवलेला दांडा शोधून आणला. तो कापून आखूड केला, ग्रिप बदलली, पुसून पुसून चकचकीत केला. काकूंनी अंगणात उभं राहून मारला. चेंडू जागचा हलला नाही. डॉक्टर म्हणाले, वजन जास्त होतंय. वजन कमी केलं. मग म्हणाले, ग्रिप बारीक आहे. थर वाढवले. फटका कधी मातीत जाई, कधी हवेत. हे बरेच दिवस चाललं. स्पर्धा जवळ येत होती आणि काकूंचा चेहरा रोज थोडा उतरत होता. शेवटी त्यांनी दांडा भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, राहू द्या आता. डॉक्टर ओट्यावर बसून राहिले. मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो तर डॉक्टर दांड्याला पुन्हा चिकटपट्टी गुंडाळत होते. काकू दारात उभ्या होत्या.

"साऱ्या गावाले झाडाले लावता," त्या म्हणाल्या, "मले एक डाव तरी म्हटलं का झाडून दाखव म्हनून?"

डॉक्टरांनी वर बघितलं. "तुले कसं म्हनू? तुह्या हाताले..."

"मंग माप कोनाचं घेतलं तुमी?"

आजारी बायकोच्या हाती खराटा कसा द्यायचा, या मायेपोटी ह्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा न मोजता दांडा बनवला होता. काकू तोवर पायरी उतरून खाली आल्या. कोपऱ्यातला खराटा त्यांनी डाव्या हाताने उचलला, जरा तोल सावरला आणि झाडायला सुरुवात केली. डाव्या हाताने झाडणारा माणूस बहुधा कचरा डावीकडून उजवीकडे ढकलतो. काकूंचा खराटा उजवीकडून डावीकडे फिरत होता, तळहात आपल्याकडे आणि मुठीची पाठ पुढे. इतकी वर्षं त्या ज्या दिशेने चेंडू मारत आल्या, त्याच दिशेने पाला उडत होता. मलासुद्धा दिसलं ते.

डॉक्टर उठले, आत गेले आणि काकूंचा स्वतःचा जुना सात नंबरचा दांडा घेऊन आले. डावखुऱ्या दांड्याचं तोंड उलट्या बाजूला असतं, तो लागणारच नव्हता. हाच हवा होता, फक्त एका हाताला पेलेल असा. त्या दिवशी दवाखाना दुपारपर्यंत उघडला नाही. दांडा वरून चार बोटं कापला, मेण कोमट केलं, काकूंच्या एकट्या डाव्या मुठीचा ठसा घेतला, त्या ठशाप्रमाणे ग्रिप बांधली. निळी खूण दांड्याच्या टाचेकडे उठली तशी दोघं मिळून वेल्डिंगवाल्याकडे गेले. संध्याकाळी अंगणातून टक् असा आवाज आला आणि त्यामागून काकूंचं हसणं. मी जिन्यातच बसलो आणि एकटाच हसत सुटलो.

डॉक्टर मागच्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. काकू आता राजेगावला बहिणीजवळ असतात. पण डॉक्टर म्हटले की मला तो स्पर्धेचा रविवार आठवतो, आणि आठवला की बरं वाटतं.

कॉलनीतले सगळे जमले होते. एक गाय उठवून झाली. काकू पुढे आल्या, पदर खोचला, डाव्या हातात दांडा धरला. डॉक्टर त्यांच्या शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर. फटका बसला आणि आम्ही सगळे चेंडूमागे धावल्यासारखे पुढे झुकलो. नाल्यापार काही गेला नाही. अलीकडेच पडला, पण सरळ, सुतासारखा. टाळ्यांनी झाडावरची पाखरं उठली.

मी वळून बघितलं. डॉक्टर अजून काकूंच्या मुठीकडेच बघत होते.

"कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"सरळ गेला," काकू म्हणाल्या. "तुमी पाह्यलंच नाई."

"पाह्यलं न," डॉक्टर म्हणाले, आणि ती मूठ त्यांनी दांड्यासकट आपल्या दोन्ही हातांत धरली.