निळ्या ठिपक्याची बशी

संस्थेत सगळे त्यांना ओरखडेबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. दुसरं म्हणणार तरी काय? बाकीचे लोक घाव भरून यावेत म्हणून कामाला येत. या बाई मात्र सकाळी पांढरा कोट चढवून, हातमोजे घालून, आधी घाव घालायलाच बसत.

काम ऐकायला सोपं होतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी छोट्या पारदर्शक बशांमध्ये वाढवायच्या. गुलाबी पाण्याखाली त्या एकमेकींना बिलगून तळभर पसरल्या, की पिपेटच्या बारीक टोकाने त्यांच्यामधून एक सरळ रेघ ओढायची. रेघेखालच्या पेशी निघून जातात आणि मधे एक ओसाड पट्टी उरते. मग बशीत औषध घालायचं, बशी उबेच्या कपाटात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघायचं, पट्टी किती बुजली. आतड्यातला व्रण कशाने लवकर भरेल, हे ताडून पाहायची ही अगदी पहिली पायरी. ती रेघ बाईंसारखी कुणालाच ओढता येत नसे. नवखा माणूस ओढायला गेला की रेघ कुठे जाड, कुठे बारीक, कुठे तळच खरवडलेला.

हात वडिलांकडून आला होता. वडील रफूगार. दुकानाच्या खिडकीशी बसून ते लोकांच्या कोटांची भोकं अशी बुजवत, की मालकालाच आपलं भोक सापडू नये. लहानपणी बाई त्यांच्या गुडघ्याला टेकून धाग्यांचे काठ जवळ येताना बघत बसत आणि तशाच झोपी जात. "बाबा फाटलेलं सांधायचे, आणि तू धडधाकट फाडतेस," असं त्यांचा धाकटा भाऊ म्हणे. "घराण्याचं नाव काढलंस, ताई!"

पण फाडणं हा बाईंच्या कामाचा लहानसा भाग होता. त्यांचा खरा जीव पुढच्या भागात. मायक्रोस्कोपला डोळा लावला की खोली, कपाटाची घरघर, बाहेरच्या जिन्यावरची ये-जा, सगळं विरून जाई. पट्टीच्या दोन्ही काठांवरच्या पेशी किंचित लांबट झालेल्या दिसत, पलीकडे झुकलेल्या. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, वाट दाखवलेली नसते, तरी त्या निघालेल्या असतात. कधीकधी बाईंना वाटे, आपण त्या गुलाबी पाण्याखाली उभ्या आहोत, पाय तळाला लागत नाहीत, आणि समोरचा काठ हळूहळू आपल्याकडे येतोय. कुणी हाक मारली तर ती पाण्यातून आल्यासारखी येई. बाई "हं" म्हणत आणि तिथेच राहत.

त्या वर्षी मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, एका वनस्पतीचं मूळ अभ्यासाला घेतलं होतं. चिनी वैद्य पोटाच्या तक्रारींवर पिढ्यानपिढ्या ते उकळून देत आलेले. मॅडमनी त्यातून तीन घटक वेगळे काढून घेतले. तिन्हींच्या तीन नळ्या, आणि तुलनेसाठी चौथ्या नळीत नुसतंच गुलाबी पाणी. नळ्यांवर आणि बशांच्या झाकणांवर रंगीत ठिपके: लाल, हिरवा, पिवळा, निळा. कोणत्या रंगात काय आहे, हे एकट्या मॅडमना ठाऊक. मोजणाऱ्याचं मन मधे लुडबुडू नये म्हणून ही खबरदारी.

आणि बाईंचं मन तर आधीच तिथे जाऊन बसलं होतं.

कारण भाऊ. त्याला घरात भोपळ्या म्हणत. लहानपणी तो होताच तसा गोल. मोठेपणी तो दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला, शिडीवर चढून शिट्टी वाजवत अक्षरं काढायचा. मग आतड्यात व्रण झाले. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पथ्यं झाली. भोपळ्याची काडी झाली, पण नाव काही सुटलं नाही. आता डॉक्टर म्हणत होते, आतड्याचा खराब झालेला तुकडा कापून काढू, उशीर नको. शिडीवर कधी न घाबरलेला हा माणूस त्या एका वाक्याने पार गळून गेला.

"तुझ्या त्या मुळाचं काय झालं गं?" त्याने विचारलं.

"अजून बशीतच आहे ते. माणसापर्यंत यायला वर्षं लागतात, भोपळ्या."

"पण गुण येतोय का?"

इथे बाईंनी गप्प बसायला हवं होतं. पहिल्याच खेपेला निळ्या ठिपक्याच्या बशा इतरांपेक्षा थोड्या जास्त बुजल्या होत्या. थोड्याच. योगायोगही असेल. पण समोर भाऊ उशीला टेकून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. "निळी चांगली भरतेय," बाई म्हणाल्या.

झालं. भोपळ्याने ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. बाईंनी त्याला अडवलं नाही.

त्यानंतरचे आठवडे बाई जणू निळ्या उजेडातच वावरल्या. रेघा ओढायच्या, नळ्या ओतायच्या, बशा कपाटात ठेवायच्या. आणि दुसऱ्या दिवशी निळ्या झाकणाखाली काठ जवळजवळ भिडलेले. दर खेपेला निळीच पुढे. डुलकी लागली तरी दिसे, तो गुलाबी पाण्याचा सपाट मुलूख, दोन्हीकडून चालत येणाऱ्या त्या मुक्या पेशी, आणि मधल्या ओसाडीत भोपळ्या शिडी लावून उभा. येताहेत रे, त्या त्याला म्हणायच्या, थांब जरासा. रोज संध्याकाळी भाऊ फोनवर विचारी, "निळी?" बाई म्हणत, "निळीच." त्याचं वजन घटतच होतं. डॉक्टर आता रागावून बोलत होते.

अखेर एका दुपारी मॅडमनी रंगांचा उलगडा केला. लाल, हिरवा, पिवळा: मुळाचे घटक. निळा: नुसतं पाणी.

"हे काहीतरीच!" मॅडम हसल्या. "औषधापेक्षा पाणी गुणकारी?" मग बाईंचा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं.

बाई तडक पेशींच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी जुने फोटो काढले. बुजल्यानंतरचे नव्हे, ते तर त्यांनी शंभरदा डोळे भरून पाहिले होते. रेघ ओढल्या ओढल्या काढलेले, पहिले फोटो. लाल, हिरवी, पिवळी: पट्टी रुंद, स्वच्छ. निळी: अरुंद. पुढची निळी, आणखी अरुंद. आठवडे जसे सरले तशी निळ्या बशीतली रेघ बारीक बारीक होत गेली होती. ओरखडाच लहान, मग तो आधी भरणारच. बाईंनी जाणूनबुजून काही केलं नव्हतं. पण झाकणावरचा निळा ठिपका बघितला की हाताने बाईंना न विचारता माया केली होती.

त्यांनी फोटो मॅडमपुढे नेऊन ठेवले आणि सगळं सांगितलं, भावासकट. मॅडमनी एकेक फोटो उचलून पाहिला. "ठिपके रेघ ओढल्यानंतर लावायला हवे होते," त्या म्हणाल्या. "ते मला सुचायला हवं होतं. आता सगळं पुन्हा, पहिल्यापासून. पण तुम्ही आधी घरी जा."

भोपळ्या खिडकीशी बसला होता. बाईंनी कोटही काढला नव्हता. तशाच आल्या होत्या.

"निळ्यात काही नव्हतं रे. पाणी होतं."

"मग भरत कशी होती?"

"मी तिला हलकं ओरखडत होते. मलाच कळलं नाही. तुझी बशी म्हणून... माझ्यामुळे तू थांबलास. माझ्या थापेवर."

भोपळ्या आपल्या काडीसारख्या बोटांकडे बघत राहिला. बाईंना वाटलं, आता चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मी पाटी रंगवताना दुकानदार आवडला नाही, तर अक्षर जाड येतं माझं," तो शेवटी म्हणाला. "कितीही जपलं तरी येतं." आणि मग, "डॉक्टरांना फोन लाव. मला भीती वाटते, ताई, पण लाव."

ऑपरेशनच्या सकाळी त्याला आत न्यायला स्ट्रेचरची गाडी आली, तेव्हा त्याने बाईंचा हात धरला. "तुझं ते पेन आहे? निळं?"

बाईंच्या पर्समध्ये होतं. झाकणांवर ठिपके काढायचं पेन.

"इथे काढ." त्याने मनगट पुढे केलं.

इतक्या सरळ रेघा ओढणाऱ्या हाताने बाईंनी पेन टेकवलं. ठिपका वेडावाकडा आला. भोपळ्याने कारागिराच्या नजरेने तो पाहिला, नाक मुरडलं, आणि गाडी आत गेली.

ऑपरेशननंतर जखमेवरची पट्टी पहिल्यांदा बदलली तेव्हा नर्सने बाईंना बाहेर जायला सांगितलं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. पोटावर बेंबीच्या बाजूने खाली गेलेली टाक्यांची ओळ होती. बाई सवयीने वाकल्या आणि त्यांनी आधी रुंदी पाहिली. रेघ सरळ होती, आणि बारीक. दोन्ही काठ एकमेकांना टेकलेले. बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

भोपळ्या गुंगीतच होता. त्याने मोठ्या कष्टाने मनगट वर उचललं. ठिपका फिकट झाला होता, पण होता.

"डॉक्टरांनी बघितला वाटतं. हलकंच ओरखडलं," तो पुटपुटला.