दोनदा धुतलेला काप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, डोंबिवलीत दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. पण आधी तो आनंद सांगू द्या, कारण तो खोटा नव्हता.

उंदराच्या मेंदूचा पातळ काप. आठवण साठताना पेशींच्या सांध्यांवर एक प्रथिन येत असणार, असं माझं म्हणणं होतं. चार वर्षं मी ते शोधत होते. दिसायचं काहीच नाही — नुसता काळोख. आणि त्या शुक्रवारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर — हिरवे ठिपके! शेकडो! कोलशेतच्या आमच्या प्रयोगशाळेत मी एकटीच नाचत होते, हातात मोजे तसेच!

आता मुद्द्यावर येते. येतेच आहे.

कापाला रंग दिला की तो खारट द्रावणात पाच वेळा धुवायचा, असा नियम. हे काम सुजाताचं. ती आमची सहायक, लोकलने दिवा स्टेशनहून यायची, करारावर होती. त्या सकाळी नोंदवही उघडली, तर धुण्याच्या रकान्यात तिने चक्क दोनचा आकडा लिहिलेला. माझं डोकंच फिरलं. तडक सरांकडे, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे गेले — ती निष्काळजी आहे, सांगितलेलं ऐकत नाही, मला दुसरं कुणीतरी द्या. मग परत येऊन, फेकण्याआधी बघू तरी म्हणून, ते काप पाहिले.

हो. तेच ते काप.

धावत जाऊन विचारलं, "दोनदाच का धुतलंस गं?"

ती घाबरली. "सॉरी मॅडम. दुसऱ्या टायमालाच पाणी स्वच्छ निघालं ओ. आमच्याकडे दिव्याला एक बादली तीन कामांना पुरवतो आम्ही. उगाच ओतवतच नाही हाताने."

कळलं का तुम्हाला? चार वर्षं मी ते प्रथिन धुऊन मोरीत सोडत होते!

सर आले, पाहिलं, आणि ओरडलेच, "अगं, हे सुचलं कसं तुला?" सुजाता सिंकपाशी उभी होती. हसत होती — माझ्या आनंदाने. तिचं नाव घ्यायला किती वेळ लागला असता? मी म्हणाले, "सहज वाटलं सर, कमी धुऊन बघावं."

महिनाअखेरीला तिचा करार वाढला नाही. कारण — निष्काळजीपणा. शब्द माझेच. ते मागे घ्यायचे, तर का, हेही सांगावं लागलं असतं. जाताना तिने विचारलं, "माझं काय चुकलं ओ मॅडम?" मी म्हणाले, "वरून आलंय गं."

आज ती पद्धत माझ्या नावाने ओळखतात. तो शुक्रवार सांगताना अजूनही माझा आवाज चढतो, अंगावर काटा येतो — खराखुरा. विद्यार्थी विचारतात, मॅडम, हे सुचलं कसं? मग मी त्यांना एक बादली तीन कामांना पुरवणाऱ्या घराची गोष्ट सांगते. म्हणते, ते माझं घर.

डोंबिवलीतल्या आमच्या घरी नळाचं पाणी कधी गेलेलं मला आठवत नाही.